एक सड पारडाचा

बाजारात खापरं आली म्हणजे आखाजी आली. बाकीचा महाराष्ट्र जिला अक्षय्य तृतीया म्हणतो, तिला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो आणि दिवाळीपेक्षा अंमळ जास्तच मानतो. जळगावात रस्त्याच्या कडेला कुंभारणी घागरी मांडून बसतात, शेजारी मांडे भाजायची उलटी घातलेली खापरं, आणि ऊन असं की चप्पल डांबराला चिकटते. काल संध्याकाळी भाजीला गेलो होतो. एका बाईनं खापरावर टिचकी मारून दाखवली. खणखणीत वाजलं. म्हणाली, घ्या सर, मांडे असे पातळ उतरतील की पलीकडचं दिसेल. मी म्हटलं, आमच्याकडे आता मांडे करणार कोण, आणि पिशवी सावरत पुढे निघालो. दहा पावलांवर थांबलो. दोन वर्षं झाली, खापर दिसलं की मला अक्का आठवते, आणि अक्का आठवली की माझं तोंड आठवतं. माझं हे बोलकं, शहाणं, मास्तरचं तोंड.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि अक्का नुकतीच लग्न होऊन सोनगीरच्या पलीकडे एका खेड्यात नांदायला गेली होती. तिनं मला सोबत नेलं. दाजी भला माणूस, एका शब्दानंही बोलला नाही. दहावीपर्यंत मी अक्काच्याच ताटात जेवलो. मग धुळ्याला कॉलेज, मग जळगावला शाळेत विज्ञानाचा मास्तर, मग लग्न, पोरं. दाजी गेले, अक्काचा एकुलता एक मुलगा सुरतला कामाला लागला, आमचे वडील गेले, गावचं घरही विकलं गेलं. राहिलो मी आणि अक्का.

आखाजीला लेकी माहेरी येतात. भाऊ त्यांना आणायला जातो, निंबाला झोके बांधतात, आणि चार दिवस त्या पोरी होतात. पण आमचं माहेरच उरलं नाही, तर आणणार कुठे? म्हणून मीच दरसाल अक्काकडे जाऊ लागलो. रीत उलटी झाली खरी, पण अक्कानं ती सरळ करून घेतली. मी अंगणात पाऊल ठेवलं की ती हातातलं काम टाकून म्हणायची, "तू उना म्हंजे मन्हं माहेर उनं, भाऊ." मी आलो की तिचं माहेर आलं, हे वाक्य मी पस्तीस वर्षं ऐकलं. ऐकायची सवय झाली की त्यातलं वजन कळेनासं होतं.

आता माझ्या शहाणपणाची सुरुवात सांगतो. शाळेत दुसऱ्या मजल्यावर नववीचा वर्ग. एक दिवस जिना चढताना छातीत असं काही दाटलं की मी कठड्याला धरून उभाच राहिलो. पोरं म्हणाली, सर, पाणी आणू का? डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कागद हातात दिले आणि सांगितलं की असंच चालू राहिलं तर पुढच्या वेळी जिना लागणार नाही, बसल्या जागी होईल. घाबरलो. उगाच कशाला लपवू? चांगलाच घाबरलो. शेवभाजीवर तेलाचा तवंग, वरण-बट्टीवर तुपाची धार, रात्री दाट दूध आणि रविवारी मटण, हे सगळं मी कमावलेला माणूस म्हणून खात होतो.

मग एका मित्रानं व्हीगन खाण्याबद्दल सांगितलं. दूध नाही, तूप नाही, दही नाही, अंडी-मटण तर नाहीच. माझी बायको निर्मला आधी हसली. म्हणाली, चार दिवसांचं नाटक आहे, पाचव्या दिवशी ताक मागाल. पण मला भीतीनं धरलं होतं आणि भीतीसारखा पथ्य पाळायला लावणारा दुसरा कोणी नाही. पहिले पंधरा दिवस चहानं छळलं. कोऱ्या चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, कुणीतरी गेल्याचं कळलं आहे. मग हळूहळू जिभेवरचा थर उतरला. भाकरीला गोडवा असतो हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. मुगाची आमटी, शेंगदाण्याचा कूट घातलेली गिलक्याची भाजी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर कच्चं तेल. यात कुठे आहे दूध? मी वजनकाट्यावर उभा राहून स्वतःलाच शाबासकी द्यायला लागलो. सहा महिन्यांत जिना चढायला लागलो, कागदावरचे आकडे खाली आले. ते खाणं खरंच चांगलं होतं, आजही आहे. मी अजून तेच खातो. पस्तावा खाण्याचा नाही.

पस्तावा बोलण्याचा आहे. आजारातून उठलेला माणूस आणि नवा बाटलेला माणूस, दोघांनाही गप्प बसवत नाही. मी शाळेत पोरांना सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणाऱ्याला अडवून सांगितलं. निर्मला म्हणायची, अहो, तुम्ही पथ्य करताय की प्रचार? मी तिलाही सांगितलं. तब्येतीपासून सुरुवात व्हायची आणि मग गाडी जनावरांवर यायची. मोबाईलवर गोठ्यांचे व्हिडिओ बघून बघून मला जनावरांचा कळवळा आला होता. कळवळा खोटा होता असं नाही. पण त्या कळवळ्यानं मी मोठा दिसत होतो, आणि ते मला आवडत होतं.

अशा तोऱ्यात मी दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला अक्काकडे गेलो.

ते अंगण मला अजून जसंच्या तसं दिसतं. सकाळी दहालाच ऊन पांढरं झालेलं. चुलीवर खापर उलटं घातलेलं, गल्लीतल्या तिघी-चौघी बाया मदतीला आलेल्या. अक्का दोन्ही हातांवर मांडा खेळवत होती. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर जाताना मोठा मोठा होतो, कोपरापर्यंत येतो, आणि मग एका झटक्यात खापरावर पडतो. सत्तरीला टेकलेली बाई, पण त्या वेळी तिच्या हातांना वय नव्हतं. गोठ्यात चांदरी म्हैस रवंथ करत होती. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदरी. तिच्याजवळ दोन महिन्यांचं पारडू बांधलेलं.

पाट मांडला, ताट वाढलं. मांडा, आमरस, वाटीत दाट दूध. आणि मग अक्का आतून तुपाचा डबा घेऊन आली. मी ताटावर हात आडवा धरला. ती हसली, तिला वाटलं लाडात आलाय. "ले ना रे भाऊ," म्हणून तिनं दुसऱ्या बाजूनं धार सोडायला बघितली. मी ताटच उचललं. सांगितलं की मी हे सोडलंय.

इथे मी थांबू शकलो असतो. साधी गोष्ट होती. मांडा आमरसाशी खाल्ला असता, डॉक्टरांचं नाव पुढे केलं असतं, तर अक्कानं डॉक्टरला दोन शिव्या घातल्या असत्या आणि दिवस गोड झाला असता. आमरसाशी मांडा खाणारी किती माणसं आहेत! पण तिनं विचारलं, तूप काय वाईट? ते तर घरचं आहे. आणि विचारलं की मास्तर उत्तर देतो. चार बायांसमोर मी तिला उत्तर दिलं. तुपानं रक्तवाहिन्यांचं काय होतं ते सांगितलं. मग दुधावर आलो. म्हटलं, अक्का, दूध हे पारडासाठी असतं. आपण त्याच्या तोंडचं काढून घेतो. माणूस सोडून दुसरं कुठलं जनावर असं करतं? म्हशीला बोलता येत नाही म्हणून, नाहीतर तिनं सांगितलं असतं. आणि साधं खावं, भाकरी-भाजी खावी, माणसाला आणखी काय लागतं?

बाया एकमेकींकडे बघत होत्या. खापरावरचा मांडा करपला, वास आला. अक्का डबा हातात धरून उभी होती. तिनं एकदा गोठ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"मंग मी जलमभर पापच करं का रे, भाऊ?"

रागानं नाही. मी परीक्षेसाठी तिला न समजणारं काही वाचत असलो की ज्या आवाजात विचारायची, त्या आवाजात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, शिकलेल्या भावाकडून. आणि मी म्हटलं, पाप म्हणजे, अजाणतेपणी झालं, त्याला तू तरी काय करणार. माफ केल्यासारखं म्हटलं मी. आता लिहितानाही कान तापतात.

त्या दिवशी मी आमरस आणि कोरडा मांडा खाल्ला. अक्कानं पुन्हा आग्रह केला नाही. निघताना डोक्यावरून हात फिरवला, तुझी तब्येत मात्र बरी दिसते म्हणाली. बसमध्ये मला छान वाटत होतं. आपल्या माणसांना सत्य सांगितलं, असं काहीतरी मनात चाललं होतं. धन्य!

आता जे मला माहीत होतं आणि तरी मी विसरलो, ते सांगतो.

अक्का म्हशीच्या कासेचे तीन सड काढायची. चौथा कधीच नाही. एक सड पारडाचा, हा तिचा नेम. गल्लीतल्या इतर बाया पारडाला दोन घोट पाजून पान्हा सुटला की त्याला ओढून बाजूला बांधत. अक्काचं पारडू मात्र तिचं काढून झालं की पुन्हा सोडलं जायचं, आणि चौथ्या सडाला जे असेल ते त्याचं. सासू ओरडायची की पोराबाळांचं दूध रेडकाला पाजते. अक्का ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी तेच करायची. हे मी कुठून ऐकलेलं नाही. लहानपणी पारडाचं दावं धरून मीच तिथे उभा असायचो. ती हाळी द्यायची, सोड रे भाऊ, आणि मी सोडायचो. शेपूट हलवत ते जे काही धावायचं! अख्ख्या सातपुड्याच्या अलीकडे जनावराच्या हक्काचं कुणी बोलू शकत होतं तर ती होती, आणि मी तिला मोबाईलवर शिकलेलं शिकवत होतो.

दुसरं. अक्का स्वतः काय खायची? हे मला आठवायला फार दिवस लागले, कारण ते मी कधी बघितलंच नव्हतं, समोर असून. दूध डेअरीच्या कॅनमध्ये जायचं. त्यावर घर चालायचं, माझी फी, माझी पुस्तकं. थोडं दूध मला, कारण मी शिकत होतो. थोडं दाजींना, कारण ते शेतात राबत. अक्काचा चहा कोराच असायचा. तिच्या ताटात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, फार तर घोटलेली भाजी. तूप ती हिवाळाभर चमचा चमचा साठवायची, आणि तो डबा उघडायचा आखाजीला, मी आलो की. मी ज्याला नवं खाणं म्हणून मिरवत होतो, जे मला डॉक्टरनं भीती घालून शिकवलं, ते अक्का पन्नास वर्षं खात आली होती. तिला कुणी शाबासकी दिली नव्हती, तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी तिच्याच अंगणात बसून तिला सांगत होतो, अक्का, साधं खावं.

हे सगळं मला त्या वर्षी सुचलं असतं तर बरं होतं. शहाणपण आमच्याकडे नेहमी वरात गेल्यावर घोडं नाचवतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भाच्याचा सुरतहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, मामा, आईनं म्हैस विकून टाकली, पारडासकट, जामनेरकडच्या कुणाला तरी. आता कशाला पाहिजे म्हणाली. भाच्याला बरंच वाटत होतं, आईच्या मागचं काम गेलं म्हणून. आणि मला काय वाटलं? सांगतो, कारण सांगितल्याशिवाय सुटका नाही. मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना मी मंडळींना सांगितलं की माझी खेड्यातली न शिकलेली बहीण, तिला सुद्धा माझं पटलं. मंडळींनी माना डोलावल्या. एकानं तर माझा हात हातात घेतला.

गेल्या वर्षी आखाजीला गेलो तेव्हा अंगण झाडलेलं होतं. फार स्वच्छ. गोठ्यात खुंटा होता, त्याभोवतीची जमीन अजून खळग्यात होती, पण शेणाचा वास नव्हता, माश्याही नव्हत्या. गव्हाणीत सरपण रचलेलं. अक्का दारात बसली होती. उठायला तिला वेळ लागला. वर्षभरात ती इतकी कशी वाकली, मला कळेना. "ये," म्हणाली. माहेर आल्याचं म्हणाली नाही.

मी वाटेत ठरवून आलो होतो की या वेळी ती वाढेल ते खायचं. एक दिवस तूप खाल्लं तर मरत नाही माणूस. पाटावर बसलो, आणि म्हटलं, अक्का, आज तूप वाढ. तिनं मान हलवली. घरात तूप नव्हतंच. तिनं माझ्यापुढे वाटी ठेवली, पांढरी, वरून फेस असलेली. शेंगदाणे भिजत घालून, पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून तिनं दूध केलं होतं. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर बघून सांगितलं म्हणे. सकाळपासून तेच करत होती. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती. मांडे नव्हते, मांडा आता हातावर पेलत नाही म्हणाली. साध्या पुरणपोळ्या होत्या, तेल लावलेल्या. प्रत्येक पदार्थ वाढण्याआधी ती विचारत होती, हे चालतं ना, हे चालतं ना. आयुष्यभर न विचारता वाढलेल्या बाईला मी विचारायला लावलं होतं.

वाटी मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. मग तिला म्हटलं, चुकलो मी अक्का. मला तसं बोलायचं नव्हतं. आपण दुसरी म्हैस आणू, उद्या बाजारात जाऊ. तिनं लगेच नाही म्हटलं.

"नको रे भाऊ. आते म्हैस दखी का तुन्हं बोलनं याद येस."

मी विचारलं, दिवस कसा जातो? म्हणाली, दिवस जातो, पहाटेचं अवघड आहे. चारला जाग येते, सवयच ती. "पन उठीसन करू काय?" मग ती पत्र्याकडे बघत पडून राहते, उजाडेपर्यंत. तक्रार म्हणून नाही सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

सुरतला मुलाकडे का जात नाहीस असं मी विचारलं नाही. इतकं तरी शिकलो. लोकांना काय करावं ते सांगण्याचा माझा उत्साह त्या वाटीबरोबर संपला. आता कुणी पंगतीत विचारलं की मी म्हणतो, पथ्य आहे, आणि पुढचं ताट बघतो. आपल्या ताटातून काय काढायचं ते माणसानं ठरवावं. दुसऱ्याच्या गोठ्यात हात घालताना तिथे किती वर्षं कोण कुणासाठी उठत होतं, ते आधी बघावं. मला हे विज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नाही.

काल बाजारातून आलो आणि ठरवलं, या वेळी जेवायच्या दिवशी पाहुण्यासारखं जायचं नाही. चार दिवस आधी जायचं, राहायचं. रिकामटेकडा आहे आता, निवृत्त. पहाटे अक्काबरोबर उठायचं, नाल्यापर्यंत फिरून यायचं, गप्पा मारायच्या. तिला फोन लावला. उद्याच येतो म्हटल्यावर गडबडली, मग खुलली. किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. निंबाला झोके बांधलेत म्हणाली, पोरी येऊ लागल्या. मी म्हटलं, अक्का, मला पहाटे चारला उठव, आपण दोघं फिरायला जाऊ. तिला हसू आलं. एवढ्या लवकर तू कधी उठलास का जन्मात, म्हणाली. आणि मग, अगदी सहज,

"बरं. दूध काढी लेसू, मंग जाऊत."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. गोठ्यातला रिकामा खुंटा पलीकडे तिलाही तेव्हाच आठवला असावा.